उंबराचं फूल: वर्षभर एकाच झाडाला भेटायचं, ते कसं

फार दिवसांनी उगवलेल्या पाहुण्याला आजी म्हणायची, ‘काय, उंबराचं फूल झालात की!’ उंबराला फळं लागतात, पण फूल कुणाच्या दृष्टीस पडत नाही, म्हणून हा वाक्प्रचार. मी तो लहानपणापासून ऐकला, पुढे स्वतः वापरलाही. पण चाळिशी उलटेपर्यंत मला एकदाही प्रश्न पडला नाही की अरे, मग ते फूल असतं तरी कुठे? आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीत उंबर आहे. अकरा वर्षं मी त्याच्याखाली स्कूटर लावत होते आणि सीटवर पडलेली चिकट उंबरं पुसताना त्याला शिव्या देत होते.

गेली तीन वर्षं मी त्या उंबराला रोज सकाळी सात-आठ मिनिटं भेटते. ध्यान नाही, योग नाही, पूजाही नाही. नुसतं जाऊन बघणं. या बघण्यातून जे हाती लागलं त्याला सौंदर्य म्हणा, माया म्हणा, नाहीतर देव म्हणा, माझं कशालाच ना नाही. ज्यांना रजा मिळत नाही, शिबिराची फी परवडत नाही आणि ‘मन शांत ठेवा’ असे सकाळचे संदेश वाचून वैताग येतो, अशांसाठी ही पद्धत लिहिते आहे. खर्च एका वहीचा.

झाड निवडा, पण फार निवड करू नका

एकच अट मी कडक ठेवते: झाड घरापासून किंवा रोजच्या वाटेपासून पाच मिनिटांच्या आत हवं. टेकडीवरचा सुंदर बहावा नको. तिथे तुम्ही पहिल्या रविवारी जाल, दुसऱ्या रविवारी जाल, तिसऱ्या रविवारी कुणाची तरी मुंज निघेल. बसस्टॉपमागचा कडुनिंब, शाळेच्या कुंपणातलं करंज, बँकेसमोरचा पिंपळ, हे खरे उमेदवार.

देशी झाड असेल तर मजा जास्त, कारण त्याच्यावर राबता मोठा असतो. वड, पिंपळ, उंबर ही तर पाखरांची खानावळच. पण गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा म्हणून त्यांना नाकारू नका. आपल्या गल्लीत ते आपल्या आधीपासून राहताहेत. परदेशात असाल तर तिथलं झाड घ्या. न्यू जर्सीच्या बर्फात तुळस जगवायची खटपट वेगळी, आणि पार्किंगमधल्या मेपलची पानं कधी लाल होतात ते बघणं वेगळं. या कामाला मेपल उत्तम.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना खिडकीतून दिसेल ते झाड चालेल. चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तर हळहळूच नये. आम्हाला झाडाचा शेंडा कधी दिसत नाही, तुम्हाला तोच दिसतो, आणि पक्ष्यांचं निम्मं राजकारण शेंड्यावरच चालतं.

झाडाचं नाव माहीत नसलं तरी सुरुवात करा. फोन समोर धरून नाव काढून देणारी ॲप्स आहेत, पण पहिले पंधरा दिवस ती उघडू नका असं मी सांगेन. नाव कळलं की आपलं बघणं थांबतं. ‘अच्छा, करंज’ म्हणतो आणि पुढे निघतो. पंधरा दिवसांनी एखाद्या जुन्या माळ्याला नाहीतर फुलवाल्या मावशींना विचारा. नावासोबत गोष्टही मिळेल.

वेळ ठरवा आणि कंटाळ्याची तयारी ठेवा

चहाचं आधण उकळायला लागतो तेवढा वेळ पुरे. सकाळ असेल तर सकाळच ठेवा, संध्याकाळ असेल तर संध्याकाळ. वेळ तीच राहिली की झाडावरचे बदल लक्षात येतात, नाहीतर ऊन बदललंय की पान, हेच कळत नाही. फोन घरी. निदान खिशात आणि आवाज बंद.

पहिला आठवडा काहीही होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी वाटेल, काल पाहिलं की. चौथ्या दिवशी शेजारी विचारतील, काही हरवलंय का. मी पहिल्या आठवड्यात फक्त माझ्या डोक्यातल्या याद्या ऐकल्या: गॅसचं बुकिंग, मुलाची फी, जावेचं ते एक वाक्य. झाड समोर होतं एवढंच. ते चालतं. याद्या संपेपर्यंत त्या चालू द्याव्यात. त्यांना हाकललं की त्या पाहुणे घेऊन परत येतात.

झाडापुढे काही मागायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम. नवस नाही, आणि ‘मला शांती दे’ हेही नाही. श्रद्धा असेल तर हात जोडा, नसेल तर नका जोडू. पण मागणं आलं की हिशेब आला, आणि हिशेबाला बसलेल्या माणसाला मुंगी दिसत नाही.

काय बघायचं?

नवख्यांची अडचण नेमकी इथे होते. ‘झाड बघा’ म्हटलं की ते अख्खं झाड एका नजरेत बघतात आणि बघून झालं म्हणतात. तसं करू नका. रोज एकच जागा घ्या आणि खालून वर जा.

पहिले काही दिवस फक्त जमीन: काय पडलंय? पानं कुठली, पिकली की हिरवीच तुटली? अर्धवट खाल्लेलं फळ असेल तर दातांच्या खुणा आहेत की चोचीच्या? मग खोड: साल गुळगुळीत की खवले पडलेली, मुंग्यांची रांग कोणत्या बाजूने चढते, डिंक कुठून पाझरतो, पाऊस पडला की शेवाळ आधी कुठल्या अंगाला धरतं. मग फांदीची बगल, जिथे घाण, पाणी आणि कधीकधी एखादं पिंपळाचं रोप साठतं. मग एकच पान. तेच पान रोज. पिंपळाचं असेल तर लांब देठावर ते वारा नसतानाही कसं थरथरतं ते बघा. लहानपणी वहीत ठेवून आपण ज्याची जाळी केली तेच हे पान. उंबराच्या पानांवर फोड आल्यासारख्या गाठी दिसतात. तो झाडाला झालेला रोग आहे असं मी वर्षभर समजत होते. त्या गाठी म्हणजे एका बारीक किड्याच्या पिल्लांची घरं आहेत.

आणि शेवटी आवाज. डोळे मिटून दोन मिनिटं. तांबट पक्षी ‘टुक्-टुक्-टुक्’ असा ठोके घालत बसतो, तांबटआळीत भांडी घडवतात तसा. नाव त्यावरूनच पडलं. दिसायला तो हिरवा, कपाळाला कुंकू लावल्यासारखा लाल, आणि चिमणीहून थोडा मोठा. मला तो दिसायला चार महिने लागले. ऐकू मात्र अकरा वर्षं येत होता, आणि मी समजत होते की कुठेतरी बोअरवेलचं काम चाललंय.

वही

तारीख आणि एक ओळ. दोन ओळी झाल्या तर एक खोडा. कविता करू नका, निदान पहिलं वर्ष. उपमा सुचली की डोळा थांबतो, हा माझा अनुभव. ‘पाचूसारखी पानं’ लिहिल्यावर मी पानाकडे परत पाहिलंच नाही. त्यापेक्षा असं लिहा:

‘३ फेब्रुवारी. उजव्या फांदीला पान नाही. डावीला आहे. एकाच झाडाचं असं कसं?’

‘१९ मार्च. खारीने उंबर अर्धं खाल्लं, अर्धं टाकलं. रोज अर्धंच टाकते.’

‘२ जून. कावळ्याच्या घरट्यात तार आहे. हिरव्या रंगाची. केबलवाल्याची असावी.’

फोटो काढायचा मोह होईल. महिन्यातून एकदा, एकाच जागेवर उभं राहून काढा. बारा फोटो शेजारी ठेवले की वर्ष दिसतं. रोज काढलेत तर फोटोच राहतील आणि झाड राहून जाईल.

वर्षाचा फेरा

हे वाचताना कोणता महिना चालू असेल ते मला माहीत नाही, म्हणून कुठूनही सुरुवात करा. महाराष्ट्रातल्या शहरांत साधारण असं दिसतं.

माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा आणि पळस अंगावर पान न ठेवता लाल-केशरी फुलतात. सावरीच्या फुलाखाली दहा मिनिटं थांबलात तर मैना, बुलबुल, कावळे, खारी असा सगळा मोहल्ला मध प्यायला आलेला दिसेल. कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल असते की लांबून ती फुलंच वाटतात. चैत्रात पिंपळाला तांबूस, पारदर्शक पालवी फुटते. उन्हाच्या उलट बाजूला उभं राहून, पानातून पलीकडे बघा. त्याच सुमारास कडुनिंब फुलतो. पाडव्याला आपण त्याची पानं गुळाबरोबर चावतो, पण रात्री आठनंतर त्याच्याखाली जाऊन वास घेतलाय का? घ्या.

वैशाखात बहावा पिवळा झुंबरतो आणि ताम्हण जांभळी होते. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, तरी दहातल्या आठ जणांना ते ओळखता येत नाही, मीही त्या आठांतलीच होते. याच दिवसांत कावळ्यांची घरटी होतात आणि कोकिळा त्यांत अंडी टाकायला टपलेली असते. कोकीळ समोर येऊन कावळ्यांना चिडवतो, ते त्याच्यामागे धावतात, आणि मादी काम उरकते. हा प्रकार एकदा पाहिला की ‘कोकिळेसारखा गोड गळा’ म्हणताना जरा हसू येतं.

ज्येष्ठात वटपौर्णिमा. बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात. घरात फांदी आणून पूजण्यापेक्षा जवळच्या वडापाशी चालत जा. सूत गुंडाळलंत तर दुसऱ्या दिवशी काढूनही टाका. पावसाळ्यात शेवाळ, नेचे, गोगलगाई, आणि बऱ्याच दिवशी छत्रीतून फक्त खोड दिसेल. आश्विनात दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो, आणि त्याच्या जोडीला कांचनही, कारण पानं सारखी दिसतात आणि विकणाऱ्यालाही घाई असते. त्यानंतर थोड्याच दिवसांत संध्याकाळी रस्त्यावर एक जड, गोड वास येतो. तो सातविणीचा. काहींचं डोकं दुखतं त्याने, माझंही. हिवाळ्यात पानगळ, आणि आपण पुन्हा माघात.

या यादीतलं तुमच्या झाडाला कदाचित काहीच लागू होणार नाही. तेच बरं. तुमची यादी तुम्ही करा.

माझ्या झाडाची गोष्ट, कारण उदाहरणाशिवाय कळत नाही

उंबराची फळं फांदीच्या टोकाला लागत नाहीत, थेट खोडाला आणि जाड फांद्यांना घोसांनी लगडतात. त्यामुळे ती आपल्या डोळ्यासमोर असतात. दुसऱ्या वर्षी मार्चमधली एक सकाळ. एका फळाभोवती मुंग्या दाटल्या होत्या. फळ अजून पुरतं लाल झालेलं नव्हतं. मी चष्मा काढून नाक लावलं. फळाला टाचणीने केल्यासारखं एक भोक होतं, आणि त्या भोकातून काहीतरी बाहेर येत होतं. तिळाहूनही लहान. पंख ओले असावेत, कारण ते जरा वेळ तिथेच थांबलं, पाय झाडले, आणि उडालं. मग आणखी एक. मग एकदम पाच-सहा.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो ती खरं तर आतून फुलांनी भरलेली बंद कुपी आहे. शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली. कुपीच्या टोकाला एक अरुंद वाट असते. एक इवलीशी गांधीलमाशी त्या वाटेने आत घुसते. घुसताना बहुधा तिचे पंख तुटतात. आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी जुगतात, कुपीच्या भिंतीला भोक पाडतात, आणि त्यांचं काम तिथेच संपतं. त्या भोकातून माद्या बाहेर पडतात, अंगावर परागकण घेऊन, आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरा उंबर शोधतात. ही माशी नसेल तर उंबराला बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही. वड, पिंपळ, उंबर या कुळातल्या बहुतेक झाडांची अशी आपापली माशी ठरलेली असते.

आजीचं उंबराचं फूल माझ्या स्कूटरच्या सीटवर पडत होतं. रोज. आणि मी ते फडक्याने पुसत होते.

पण मुंग्यांचं काय? त्या फळाभोवती फेरफटका मारायला जमल्या नव्हत्या. बाहेर येणारी प्रत्येक तिसरी-चौथी माशी त्या धरत होत्या. माझा हात पुढे झाला, मुंग्या झटकायला. मग थांबला. कुणाच्या बाजूने झटकायचं? मी बघत राहिले, आठ मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली, ऑफिसला उशीर झाला. आत कुठेतरी खूप मोठं काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, आणि त्यात आनंद होता तसं भयही होतं. नुसतं गोड गोड असं ते नव्हतं. त्याला नाव द्यायचा मी प्रयत्न केला नाही. वहीत लिहिलं: ‘भोक. माश्या. मुंग्या.’

हे तुम्हाला दुसऱ्या वर्षी दिसेल की दुसऱ्या महिन्यात, ते सांगता येत नाही. पण रोज गेल्याशिवाय दिसत नाही एवढं नक्की, कारण अशा सकाळी वर्षात मोजक्याच असतात.

माया कृतीत कशी उतरवायची

ओळख झाली की झाडाच्या अंगावरचं नको ते आपोआप दिसायला लागतं. क्लासच्या जाहिरातीचा खिळा, दिवाळीच्या माळेची करकचून आवळलेली तार, बुंध्यापर्यंत आणलेले पेव्हर ब्लॉक. यात नवख्यांनी काय करावं?

तार आधी सोडवा. खोड जाड होत जातं आणि तार सालीत रुतते. वरवरचा खिळा पक्कडीने हळूच, ज्या दिशेने गेलाय त्याच दिशेने ओढा. खोल रुतून साल वर चढली असेल तर राहू द्या, उपटताना जखम मोठी होते. झाड सोसायटीचं किंवा रस्त्यावरचं असेल तर आधी संबंधितांच्या कानावर घाला. बुंध्याभोवती चारी बाजूंनी निदान मीटरभर माती मोकळी असावी, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा मिळते. ही मागणी सोसायटीच्या बैठकीत करताना ‘पर्यावरण’ हा शब्द टाळा. ‘पावसाचं पाणी मुरेल, पार्किंगमध्ये तुंबणार नाही’ म्हणा. मंजूर होतं.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात फांद्यांना लटकलेला मांजा काढा. बंदी असूनही नायलॉनचा मांजा विकला जातो आणि पक्ष्यांचे पंख त्यात अडकतात. हात पोचेल तेवढाच काढा, विजेच्या तारांजवळ अजिबात जाऊ नका, आणि काढलेला मांजा बारीक तुकडे करून मगच टाका.

उन्हाळ्यात पाणी ठेवायचं तर मातीची पसरट परळ घ्या, दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड, म्हणजे मधमाशीलाही टेकता येतं. जुनं पाणी रोज ओतून टाका आणि भांडं घासा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि मग पाखरांवरच्या प्रेमाचं बिल शेजाऱ्यांच्या नावाने फाटतं. फरसाण, बिस्किटं, शिळा भात ठेवू नका. झाडावर जेवण आहे.

झाड तोडायची भाषा निघाली तर घाबरून गप्प बसू नका. शहरी भागासाठी १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे. झाड खासगी आवारात असलं तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून वेगळं स्थान दिलं. आमच्या उंबरावरही गदा आली होती: चिकट फळं, माश्या, गाड्यांचे डाग. ज्यांनी अर्ज द्यायचा ठरवला त्यांना मी भाषण दिलं नाही. फळ कापून आतली फुलं दाखवली. दोघांना पटलं, तिसऱ्यांनी गाडी दुसरीकडे लावली. चौथे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

झाडाखालची माणसं

हा भाग मी आधी लिहिणार नव्हते, कारण तो मला उशिरा कळला आणि त्याची थोडी लाज वाटते.

गल्ली झाडणाऱ्या मावशी सकाळी सहाच्या सुमारास येतात. पहिल्या वर्षभर आमचं बोलणं ‘जरा बाजूला व्हा’ एवढंच. पानगळीच्या दिवसांत मी एकदा मोठ्या उत्साहाने म्हटलं, ‘मावशी, काय सुंदर सडा पडलाय!’ त्यांनी झाडू थांबवला, माझ्याकडे पाहिलं. ‘व्हय ताई. तीन पोती.’

त्यानंतर मी काही दिवस वेळ बदलून त्यांच्या वेळेला जाऊ लागले. तेव्हा कळलं की उंबर कधी पिकतो, कोणत्या फांदीचा आधी, वटवाघळं रात्री येऊन गेली की नाही, हे सगळं त्यांना माझ्या वहीपेक्षा चोख माहीत आहे. खाली पडलेल्या बियांच्या चोथ्यावरून त्या वटवाघूळ ओळखतात. ‘तुमी वर बगता, मी खाली बगते,’ म्हणाल्या. माझी सुरुवातीची सूचना, आधी जमीन बघा, ती त्यांच्याकडून घेतलेली आहे.

म्हणून ही एक पायरी आवर्जून ठेवा: तुमच्या झाडाच्या सावलीत आणखी कोण बसतं ते पाहा. इस्त्रीवाले, भाजीची हातगाडी, दुपारचा डबा खाणारा डिलिव्हरीचा मुलगा, रात्रपाळीचा वॉचमन. ते तुमच्या आधीपासूनचे भाविक आहेत. त्यांना झाडाबद्दल शिकवायला जाऊ नका. नुसतं विचारा, इथेच का बसता? आणि जमलं तर पानगळीच्या दिवसांत एखादं पोतं स्वतः भरा. सुकी पानं झाडाच्याच आळ्यात पसरता येतात, खत होतं. आम्ही आता अर्धी पानं तिथेच ठेवतो. मावशींची तीन पोती दीडवर आली.

देव कुठे येतो यात?

ज्यांना हवा असेल त्यांच्यासाठी वाट जुनी आहे. औदुंबराखाली दत्त, म्हणून कृष्णाकाठी सांगली जिल्ह्यात औदुंबर नावाचं गावच आहे. पिंपळाखाली बुद्धांना बोधी झाली, आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर बोधिवृक्षाखाली आजही लोक शांत बसलेले दिसतात. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. त्याच्या सावलीत बसून ज्ञानेश्वरी वाचायची रीत आहे. त्या झाडाची एक गोष्ट सांगतात: मूळ गळ्याला टोचतंय, असं ज्ञानेश्वरांनी एकनाथांच्या स्वप्नात येऊन सांगितलं, आणि नाथांनी आळंदीला येऊन ते दूर केलं. गोष्ट खरी की खोटी यात मी पडत नाही. मला त्यातलं एवढंच आवडतं, की मूळ बाजूला झालं आणि झाड राहिलं.

सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या देवराया याच समजुतीवर टिकल्या: रान देवाचं, तिथली काटकीही घरी न्यायची नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती देवाच्या धाकाने तिथे सांभाळल्या गेल्याचं पुढे आलं. सुट्टीत गावी गेलात तर एखाद्या देवराईत जरूर जा, चपला बाहेर काढून.

देव नको असेल त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी बिघडत नाही. उंबर दोघांवरही सारखीच फळं टाकतो.

खंड पडला तर

पडतोच. माझा पहिल्या पावसाळ्यात दोन महिने पडला. मग ‘आता काय तोंड घेऊन जायचं’ अशी विचित्र लाज वाटते, जणू झाड हजेरी मांडतं. वहीत दोन पानं कोरी सोडा, नवी तारीख घाला, जा. मागचं भरून काढायला एक तास बसू नका. तेच सात-आठ मिनिटं.

आणि झाड पडलं तर? पावसाळ्यात मोठी झाडं पडतात. त्याच वेळी, त्याच जागी काही दिवस जात राहा. उघडं पडलेलं आभाळ बघा, कापलेल्या ओंडक्यावरची वर्तुळं बघा, पाखरं कुठे गेली ते शोधा. बुंधा शिल्लक असेल तर पुष्कळदा त्यालाच धुमारे फुटतात. नाही फुटले तर समोरचं झाड घ्या. पळसाची फुलं कधी आली होती, तांबट कुठून ओरडत होता, हे सगळं वहीत आहेच. ते नव्या झाडाच्या कामी येतं.

माझ्या वहीतली आजची ओळ: ‘खाली एकही उंबर नाही. मावशींनी आधीच झाडून नेली. उद्या दहा मिनिटं लवकर.’